सिंह दिसला का सिंह?

मागच्या महिन्यात जुन्या बाजारात एक साखरदाणी दिसली. काळवंडलेली, पण नक्षी एकदम भारी. विक्रेता म्हणाला, "असली चांदी है, अंग्रेजों के जमाने की. नीचे छाप देखो." पाहिलं तर खरंच, तळाशी चार छोट्या ढाली आणि प्रत्येकीत एकेक वळणदार अक्षर. घासाघीस करून अठराशेला घेतली. पॉकेटमनी खल्लास!

घरी येऊन मोबाइलचा कॅमेरा झूम केला. अक्षरं होती ई, पी, एन, एस. म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदीचा कणही नसतो. चांदी फक्त वरच्या मुलाम्यात. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने 1840 मध्ये विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि 'चांदीची' भांडी मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. ढाली कशाला? लांबून खऱ्या हॉलमार्कसारखं दिसावं म्हणून! मी फसलो, तसे दीडशे वर्षांपूर्वीचे लोकही फसले असणार.

खरी इंग्लिश चांदी ओळखायची तर आधी सिंह शोधायचा. एक पंजा उचलून चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी. शेजारी शहराची खूण असते. लंडनचं बिबळ्याचं तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर (शेतातला नव्हे, जहाजाचा), शेफील्डचा (1974 पर्यंत) मुकुट. बर्मिंगहॅमला समुद्र कुठे, असं विचाराल. 1773 मध्ये या दोन शहरांना तपासणी कचेऱ्या मिळाल्या. त्यासाठीच्या बैठका लंडनच्या 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत झाल्या आणि तिथूनच दोन्ही खुणा आल्या, असं सांगतात. नाणं उडवून वाटणी झाली म्हणे!

मग येतं वर्षाचं अक्षर. ते दरवर्षी बदलतं, पण 1974 पर्यंत प्रत्येक शहराचा क्रम वेगळा होता. म्हणून शहर कळल्याशिवाय वर्ष लावायला जाऊ नका. राजा-राणीचं डोकं दिसलं तर ती कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 मधली. उरलेली आद्याक्षरं कारागिराची. 'एचबी' म्हणजे हेस्टर बेटमन. नवरा गेल्यावर या बाईने 1761 मध्ये स्वतःच्या नावाची छाप नोंदवली आणि कारखाना चालवला.

पण सिंह नाही म्हणजे चांदी नाही, असंही नाही. इंग्रजांच्या काळात भारतात इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी नव्हती. इथले कारागीर आपापली छाप मारायचे. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीच्या भांड्यांवर तर हत्ती सापडतो.

हे सगळं मी मुलुंडच्या एका कच्छी मित्राला ऐकवत होतो. तो म्हणाला, "आमच्याकडे आजीची एक वाटी आहे. पुढच्या आठवड्यात मोडीत देणार आहेत." गेलो बघायला. बाहेरून वेलबुट्टी, मधूनच हरणं. तळाशी रोमन लिपीत दोनच अक्षरं: ओ आणि एम. ओमरसी मावजी, भुजचे नावाजलेले चांदी-कारागीर! त्यांच्या वस्तूंना परदेशातल्या लिलावांत वजनाच्या भावापेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. अर्थात ही छाप नकलीही मारतात. म्हणून वाटी आता सराफाऐवजी जाणकाराकडे जाणार आहे.

आजींना सांगितलं तर त्या हसल्याच. "मला वाटायचं, देवाचा ओम् आहे. म्हणून तर इतकी वर्षं उष्टी होऊ दिली नाही."

साखरदाणीत सध्या माझे इअरफोन असतात.