मत मागायला येणाऱ्यास काय विचारावे?



जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे वारे सुटले की गटागटांतून आम्हांस एकच प्रश्न येतो, "साहेब, यंदा कोणाला?" त्याचे उत्तर देणे आमचे काम नव्हे. कारखाना सर्व सभासदांचा आहे. मात्र परवा एका उमेदवाराची बैठक आम्ही मागे बसून ऐकली. वीज, रस्ते, शाळा, सारेच करतो म्हणाले. त्यातले तुमच्या हातात काय आणि आधी काय, हे कोणीच विचारले नाही. म्हणून हे चार शब्द.

वीज : टाळ्या पडल्या त्या दिवसाच्या विजेला. साहजिकच आहे. उसाला रात्री दारे धरताना एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे, मनात विंचू-काट्याची आणि बिबट्याची धास्ती. पण वीज जिल्हा परिषदेच्या हाती नाही. ती महावितरणकडे, म्हणजे राज्याकडे. राज्याने २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिला उपकेंद्राजवळ जागा लागते. तेव्हा उमेदवारास एवढेच विचारा, "आमच्या उपकेंद्राजवळची गावची जागा मिळवून द्यायला ग्रामपंचायतीला किती मदत कराल?"

रस्ता : हा मात्र त्यांच्या हातातला. गावरस्ते व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. ऊस तुटल्यापासून २४ तासांत गाळला जावा असे आम्ही दर हंगामात सांगतो. ट्रॉली ओढ्यात रुतली की ऊस वाळतो, वजन घटते, साखरही घटते. वजन एकट्याचे जाते, पण उतारा कारखान्याचा एकच धरतात, म्हणून दर सगळ्यांचाच मार खातो. २०२५-२६ हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली. त्यावरील दर ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. एकरी ४० टन धरले तर १,३८४ रुपये. उतारा घटण्यास जात, तोडणीचे वय अशी इतर कारणेही असतात. पण ओढ्यावरची मोरी हेही त्यातले एक आहे. तेव्हा मोघम "रस्ते" नको. कोणती मोरी, कोणत्या वर्षी, ते विचारा.

शाळा : प्राथमिक शाळाही जिल्हा परिषदेचीच. गळती कौले आणि रिकामी शिक्षकपदे यांबद्दल आपण विचारतोच. आणखी एक विचारा. आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्यांची पोरे दिवसभर फडात वाढे गोळा करीत हिंडतात. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. दाखला नाही म्हणून शाळेने परत पाठवता येत नाही. या पोरांना मत नाही, त्यांच्या आई-बापांचे मतही इथे नाही. त्यांच्यासाठी बोलायचे तर ते आपणच बोलले पाहिजे. ज्यांच्या कोयत्यावर आपला हंगाम उभा आहे, त्यांचे एवढे देणे लागतोच.

हात जोडून आलेल्यास चहा द्यावा, मान द्यावा. पण बोललेले वहीत लिहून घ्यावे, तारखेसह. ऊस नोंदीला आपण जसे काटेकोर असतो, तसेच इथेही असावे. मत कोणाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी