डॅन्झिगचे ग्दान्स्क

पोलंडमधील ग्दान्स्क ह्या बंदराच्या शहरी प्रवासी पोहोचला, की त्याला बहुधा प्रथम 'लांब बाजार' नावाच्या चौकात नेऊन उभे करतात. दोन्ही बाजूंना चार-चार, पाच-पाच मजल्यांची अरुंद घरे एकमेकांना खांदा लावून उभी असतात. प्रत्येकाच्या माथ्यावर नक्षीदार त्रिकोणी शिखर, आणि मधोमध कारंज्यावर हातात त्रिशूळ घेतलेला नेपच्यून हा समुद्रदेव. आम्ही तेथे उभे राहिलो तेव्हा मनाशी अंदाज केला, की ही घरे चारशे वर्षांची तरी असावीत. तो अंदाज चुकला. ह्यांतील बहुतेक भिंती पुण्या-मुंबईच्या जुन्या सहकारी गृहसंस्थांच्याच वयाच्या आहेत. नेपच्यूनची मूर्ती तेवढी खरोखर जुनी. १६३३ साली ती कारंज्यावर बसविली, युद्धकाळी काढून लपविली, म्हणून वाचली, आणि १९५४ साली ती पुन्हा आपल्या जागी आली.

शहर दाखविणारे लोक ही गोष्ट एका वाक्यात सांगतात आणि पुढे चालू लागतात. आम्हांला मात्र तेथेच थोडे थांबावेसे वाटते. जे आपण पाहतो ते जुने नाही, आणि ज्यांनी ते बांधले त्यांचे वाडवडील ह्या शहरात राहिलेलेही नव्हते. मग आपण पाहिले ते काय?

ह्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी शहराची कुळकथा पाहिली पाहिजे. व्हिस्टुला ही पोलंडची मोठी नदी जेथे बाल्टिकला मिळते, त्याच्या जवळच मोत्लावा नावाच्या लहान नदीवर हे शहर वसले आहे. त्याचा पहिला लेखी उल्लेख एका ख्रिस्ती संताच्या चरित्रात, ९९७ सालच्या प्रसंगात येतो. १३०८ मध्ये धर्मयोद्ध्यांच्या ट्यूटॉनिक संघाने शहर घेतले व तेथे किल्ला बांधला. व्यापाऱ्यांना हा जाच दीडशे वर्षे सोसावा लागला. १४५४ मध्ये त्यांनी बंड केले, किल्ला पाडून टाकला आणि आपण होऊन पोलंडच्या राजाचे छत्र पत्करले. पत्करले म्हणजे काय, तर राजा पोलंडचा, व्यापाऱ्यांची भाषा जर्मन आणि कारभार शहराचा स्वतःचा. पुढे स्टीफन बाथोरी राजाला मान्यता देण्यास शहराने नकार दिला, तेव्हा त्याला वेढा घालावा लागला, आणि १५७७ मध्ये पैशाने मिटवामिटव झाली. व्यापाऱ्यांचे शहर ते; भांडणाचा शेवटही हिशेबानेच व्हावयाचा.

हा पैसा धान्याचा होता. पोलंडच्या आतल्या मुलुखातून गहू व राय नावाचे धान्य तराफ्यांवरून व होड्यांतून व्हिस्टुलेने खाली यावयाचे, मोत्लावेतल्या बेटावरच्या कोठारांत पडावयाचे आणि तेथून जहाजांनी अ‍ॅम्स्टरडॅमला जावयाचे. भरभराटीच्या काळी ह्या एका बेटावर सुमारे तीनशे कोठारे होती. परतीच्या जहाजांतून माल आला आणि हॉलंडचे स्थपतीही आले. म्हणून पोलंडच्या ह्या शहराचा तोंडवळा हॉलंडच्या गावासारखा आहे. घरे अरुंद आणि खोल, कारण रस्त्यालगतची जागा महाग. प्रत्येकाला आपले दार बाजारावर हवे. आपल्याकडच्या पेठांतही हा प्रकार अनोळखी नाही.

नदीकाठी गेले, की एक काळसर लाकडी धूड विटांच्या दोन बुरुजांमधून पाण्यावर पुढे आलेले दिसते. ही बंदराची जुनी यारी. १४४२ ते १४४४ ह्या काळात ती उभारली. खालून वेशीचा दरवाजा आणि वरून यारी, असा तिचा दुहेरी उपयोग होता. आत लाकडी चक्रांच्या दोन जोड्या आहेत, सुमारे ६ मीटर व्यासाच्या. कोकणातल्या वाडीत पायरहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही युक्ती लगेच समजेल. फरक इतकाच, की येथे माणसे चक्राच्या पोटात शिरून चालत असत. ती चालली, की आस फिरे, दोर गुंडाळला जाई आणि ४ टनांपर्यंतचे ओझे ११ मीटर उंच जाई. वरच्या जोडीने जहाजांच्या डोलकाठ्या उभ्या करीत. एका पावलाची चूक झाली तर चक्र उलटे फिरून आतल्या माणसाची काय गत होत असेल, हे तेथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. १९४५ मध्ये तिचे सारे लाकूड जळाले. आज दिसते ते १९६२ पर्यंत पुन्हा बसविलेले.

सेंट मेरीचे देऊळ विटांचे. १३४३ ते १५०२ असे त्याचे बांधकाम चालले, आणि लांबी १०५ मीटरांहून थोडी अधिक. आत पंधराव्या शतकातले खगोलीय घड्याळ आहे. ते बनविणाऱ्या कारागिराने दुसरीकडे तसे घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी दंतकथा सांगतात. असल्या कथा प्रत्येक मोठ्या वास्तूला चिकटतात. आपल्याकडे हात तोडतात, तेथे डोळे काढले, एवढेच. त्याहून आम्हांला खरी हकीकत मौजेची वाटते. हान्स मेम्लिंग ह्या चित्रकाराने अंतिम निवाड्याचे एक मोठे तीन फळ्यांचे चित्र इटलीतील फ्लॉरेन्ससाठी रंगविले. १४७३ मध्ये ते जहाजातून जात असता ग्दान्स्कच्या पाउल बेनेके नावाच्या दर्यावर्दीने जहाजच लुटले आणि चित्र आणून ह्या देवळाला दिले. पाप-पुण्याच्या निवाड्याचे चित्र, आणि ते चोरीचे! पुढे नेपोलियनच्या लोकांनी ते पॅरिसला नेले, तेथून ते परत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते लेनिनग्राडला गेले आणि १९५६ मध्ये पुन्हा आले. मूळ चित्र आता शहराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, देवळात त्याची नक्कल.

ह्या गावच्या माणसांशी आपला थोडा परिचय आहे, जरी तो आपल्या ध्यानात नसला. घरी मुलाच्या अंगात १०२ ताप आहे असे आपण म्हणतो, तेव्हा १६८६ मध्ये येथे जन्मलेल्या फॅरनहाइटचे माप वापरत असतो. आपल्या उपनिषदांची थोरवी युरोपला आवर्जून सांगणारा तत्त्वज्ञ शोपेनहॉअर येथलाच, जन्म १७८८ चा. तो पाच वर्षांचा असताना, १७९३ मध्ये, प्रशियाने शहर घेतले आणि त्याच्या बापाने, स्वतंत्र शहराचा तो अभिमानी व्यापारी, कुटुंबासह गाव सोडले.

ह्यानंतरच्या घटना भराभर घडत गेल्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली 'डॅन्झिगचे स्वतंत्र शहर' झाले. त्यात शंभरांतले सुमारे पंच्याण्णव लोक जर्मन बोलणारे होते. हिटलरला ते हवे होते. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे पावणेपाचला, सदिच्छा भेटीचे निमित्त करून आलेल्या एका जर्मन युद्धनौकेने बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाटे ह्या ठाण्यावर तोफा डागल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. दोनशेच्या आसपास पोलिश शिपायांनी ते ठाणे सात दिवस लढविले. शहरातल्या पोलिश पोस्टाच्या नोकरांनीही हत्यार धरले, आणि जे जिवंत हाती लागले त्यांतील बहुतेकांना नंतर गोळ्या घालण्यात आल्या. मार्च १९४५ मध्ये रशियन फौजा आल्या. जुन्या शहराचा दहांतला नऊ हिस्सा जळून ढासळला. जर्मन लोक पळाले वा हाकलले गेले. डॅन्झिग संपले.

मग तेथे आले कोण? पुष्कळसे मध्य पोलंडातून आणि पुष्कळ पूर्वेकडून, विल्नो व ल्वूफ ह्या शहरांकडून. कारण तो पूर्वेचा मुलूख युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला होता. ह्याच पूर्व पोलंडातून १९४० च्या सुमारास सैबेरियात हद्दपार झालेल्यांपैकी सुमारे ५००० माणसे १९४३ ते १९४८ ह्या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे छावणीत राहिली होती. त्यांतले पुष्कळजण मायदेशी परतलेच नाहीत. गाव सीमेपलीकडे गेले, तर परतावयाचे कोठे? तशाच घर हरवलेल्या माणसांच्या वाट्याला दुसऱ्यांचे हरवलेले घर आले, तेही विटांच्या ढिगाच्या रूपाने.

ढिगाचे काय करावे ह्यावर मोठा वाद झाला. ते अवशेष तसेच ठेवावेत, असे काही म्हणत. सर्व सपाट करून नवे शहर बांधावे, असे दुसरे म्हणत. शिवाय, जर्मनांचे शहर आम्ही कशाला उभारावे, हा प्रश्नही होताच. अखेर पुन्हा बांधावयाचे ठरले, पण १७९३ पूर्वीचे, म्हणजे पोलंडच्या राजाच्या छत्राखालचे शहर. प्रशियाच्या राजवटीत एकोणिसाव्या शतकात जी भर पडली होती ती बहुधा गाळली. दर्शनी भिंती जुन्या धाटणीने उभारल्या, आणि त्यांच्या मागे कामगारांसाठी साधी राहती घरे केली. कित्येक ठिकाणी बाहेरून दोन घरे दिसतात, आतून जिना एकच.

ह्याला कोणी फसवणूक म्हणतात. आमच्या मते तो शब्द फार कठोर आहे. निवड मात्र झाली, आणि ती राजकारणाची होती, हे मान्य केले पाहिजे. शंभर वर्षांहून अधिक काळ येथे जे जगले, त्यांची खूण दर्शनी भिंतीवर दिसू नये असेच ठरविले गेले. पण ज्या लोकांचे सर्वस्व गेले होते त्यांनी, अन्नवस्त्राची चणचण असता, परक्यांच्या देवळाची कमान जुन्या चित्रांवरून व मोजमापांवरून पुन्हा साधली, हेही तितकेच खरे आहे. गाळलेला भाग पुढे एका लेखकाने भरून काढला. १९२७ मध्ये येथे जन्मलेल्या ग्युंटर ग्रासने १९५९ च्या 'टिन ड्रम' ह्या कादंबरीत ते बुडालेले डॅन्झिग जर्मन भाषेत उभे केले, आणि आज त्याच ग्दान्स्कमध्ये ग्रासचा पुतळा आहे.

जुन्या शहराच्या उत्तरेस जहाजबांधणीचे कारखाने. डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध संप झाला, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या दरवाजासमोर कामगारांवर गोळीबार झाला. ऑगस्ट १९८० मध्ये तेथेच पुन्हा संप झाला. त्या वेळी कामगारांनी आपल्या २१ मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून दरवाजावर टांगल्या, आणि ३१ ऑगस्टला सरकारने करार केला. त्यातून 'सॉलिडॅरिटी' ही संघटना उभी राहिली. त्याच वर्षी १९७० च्या मृतांसाठी दरवाजासमोर ४२ मीटर उंचीचे तीन क्रूस उभारले गेले. ह्या कामगारांतील पुष्कळजण १९४५ नंतर आलेल्यांची मुले. लांब बाजारात ज्यांना परके म्हणता आले असते, ते ह्या दरवाजापाशी गावचे झाले, असे आम्हांला वाटते.

जाणाऱ्यांना एक सुचवितो. लांब बाजार पाहून झाला, की कोणत्याही बोळातून घरांच्या पाठीमागे जावे. पूर्वी तेथे मागच्या इमारतींची दाटी होती. ती पुन्हा बांधलीच नाही. पुढून श्रीमंत व्यापाऱ्याचा वाडा वाटणाऱ्या घराला मागून साध्या चाळीसारख्या खिडक्या आहेत, आणि मध्ये मोकळे अंगण, गवत, चार झाडे.