भूमिस्पर्श मुद्रा : आसनाचा अधिकार आणि भूमीची साक्ष

सायंकाळच्या वंदनेनंतर पाचवीतील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, बुद्धांचा एक हात खाली का आहे? ते थकले आहेत का?" प्रश्न बालसुलभ होता, परंतु त्याचे उत्तर धम्मविचाराच्या मुळाशी जाणारे आहे.

आपल्या वंदनागृहातील मूर्तीत तथागत पद्मासनात विराजमान आहेत. पाठीचा कणा सरळ, दृष्टी किंचित झुकलेली, डावा हात मांडीवर उताणा, तर उजवा हात गुडघ्यावरून खाली येऊन बोटांच्या अग्रांनी भूमीला स्पर्श करणारा. हीच भूमिस्पर्श मुद्रा होय. दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवले, म्हणजे ती ध्यानमुद्रा होते. बुद्धगयेच्या महाबोधी विहारातील मुख्य मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतच आहे.

या मुद्रेमागील प्रसंग निदानकथेत येतो. सहा वर्षांचे देहदंडन व्यर्थ आहे हे ओळखून सिद्धार्थांनी त्याचा त्याग केला, सुजातेने दिलेली खीर ग्रहण केली आणि पिंपळवृक्षाखाली आसन मांडले. तेव्हा मार आपल्या सैन्यासह आला आणि त्याने त्या आसनावरच हक्क सांगितला. त्याच्या बाजूने ग्वाही द्यायला सारे सैन्य उभे होते. सिद्धार्थ मात्र एकटे होते. त्यांनी वाद घातला नाही, शस्त्र उगारले नाही. उजवा हात चीवराबाहेर काढून त्यांनी भूमीला साक्षीस बोलावले. भूमीने त्यांच्या पूर्वीच्या दानाची ग्वाही दिली आणि मार परतला.

इतिहासाचा अभ्यासक या कथेकडे मिथक म्हणून पाहील, आणि ते योग्यच आहे. सुत्तनिपातातील पधानसुत्त हे या कथेहून प्राचीन. त्यात भूमीची साक्ष नाही. परंतु माराच्या सेनेचे वर्णन आहे. कामवासना, असमाधान, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय, संशय, ढोंग, लाभ व कीर्तीचा हव्यास, आत्मस्तुती आणि परनिंदा अशी ती सेना. यातील एकही सैनिक बाहेरून येत नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात माराचा अर्थ मनात शिरणारे दुष्ट विचार व विकार असाच लावला आहे.

हा अर्थ ध्यानात घेतला, म्हणजे आसनाचे मर्म उलगडते. पद्मासनात शरीराचा पाया रुंद व स्थिर होतो. कणा सरळ असल्याने श्वास मोकळा चालतो आणि झोप सहसा येत नाही. मन श्वासावर ठेवावे. ते भटकले, की न रागावता परत आणावे. भय आले, तर 'हे भय आहे' एवढे ओळखावे. ओळखलेल्या विकाराचा जोर ओसरू लागतो. शरीराला कष्टविण्यासाठी हे आसन नाही. ज्याचे गुडघे दुखतात, त्याने साधी मांडी घालावी. देहदंडन सोडूनच सिद्धार्थ या आसनावर बसले होते, हे विसरू नये.

भूमीला टेकलेला हात आणखी एक गोष्ट सांगतो. साधकाचे मन आकाशातील कोणा देवतेकडे धाव घेत नाही. ज्या भूमीवर आपण उभे राहिलो, राबलो, इतरांना उपयोगी पडलो, तीच आपली साक्षीदार. आपल्या योग्यतेचा पुरावा आपले आचरण देते, शील देते. तो इतरांकडून मागून आणावा लागत नाही.

सांचीच्या तोरणांवर बुद्धांची मानवी आकृती नाही; बोधिवृक्षाखाली रिकामे आसन कोरून त्यांचे अस्तित्व दर्शविले आहे. पुढे इसवी सनाच्या पाचव्या शतकात अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात मारविजयाचे भव्य शिल्प घडले. त्यात माराचे सैन्य आणि त्याच्या कन्या यांच्या गर्दीत मध्यभागी हात भूमीला लावलेले शांत बुद्ध दिसतात. शिल्पकारांनी ज्या आसनाला एवढे महत्त्व दिले, ते अखेर जमिनीवरची बसण्याची एक जागाच होती.

बसण्याच्या जागेचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या शाळेत बालवयातील भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. ते गोणपाट शाळेचा नोकर शिवत नसे. म्हणून रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. तुझी जागा येथे नाही, हेच मार सिद्धार्थांना सांगत होता. हेच ती शाळा त्या मुलाला सांगत होती. त्या मुलाने आसन सोडले नाही. अभ्यासाने, शीलाने आणि संघर्षाने त्याने आपली साक्ष उभी केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर त्याने लाखो लोकांना धम्माची वाट दाखविली.

आपल्या वसतिगृहात नव्याने आलेली मुले पहिले काही दिवस सभागृहाच्या कडेला, भिंतीला टेकून, खांदे पाडून बसतात. त्यांना मी ध्यानाचे मोठे सिद्धांत सांगत नाही. मध्ये या, पाठ सरळ करा, एक हात जमिनीला लावून पाहा, एवढेच सांगतो.

पाचवीतील त्या विद्यार्थ्यालाही मी तेच सांगितले, "बाळा, ते थकलेले नाहीत. ही जागा माझी आहे, असे ते सांगत आहेत." दुसऱ्या दिवशी तो पहिल्या रांगेत येऊन बसला.