पलटी नांगराचे आरेखन : डावा भाग, उजवा भाग

उन्हाळ्यातील खोल नांगरणीमुळे घाटे अळीचे जमिनीतील कोष उघडे पडतात. कडक ऊन व पक्षी त्यांचा नाश करतात. पलटी नांगर जाता-येता माती एकाच बाजूस टाकतो. त्यासाठी त्यावर उजवा व डावा असे दोन संच असतात. संगणकीय आरेखनात (कॅड) उजवा संच तयार करून ‘मिरर’ आज्ञेने डावा मिळवता येतो. मात्र प्रत्येक भागाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

माती पलटणारा वक्र पत्रा असममित असतो. उजवा पत्रा कितीही फिरवला तरी डावा होत नाही. अशा भागांची आरशातील प्रतिमा हा नवा भाग ठरतो. त्यास वेगळा क्रमांक आवश्यक असतो. बोल्ट-नट मात्र केवळ नव्या जागी बसवावेत. आट्यांसह रेखाटलेल्या बोल्टची प्रतिमा घेतल्यास आटे उलटे होतात आणि तसा बोल्ट बाजारात सहसा मिळत नाही.

हा भेद शेतकऱ्यांसाठीही महत्त्वाचा आहे. झिजलेला सुटा भाग बदलताना केवळ आकार न पाहता डाव्या-उजव्या बाजूचा क्रमांक तपासावा. एका बाजूचा पत्रा दुसऱ्या बाजूस चालत नाही आणि माती नीट न पलटल्यास कोष जमिनीतच सुरक्षित राहतात.