गोष्ट तीच, पण गाव कोणते?

सिनेमाचे वेड गोंदणासारखे असते. एकदा अंगावर उमटले की जन्मभर जात नाही. माझे हे वेड आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांनी ते सोसलेही आहे. पण परवा 'धडक' लावायला निघालो, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, 'सैराट' तीनदा पाहिलात ना? मग तीच गोष्ट हिंदीत पुन्हा कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. गोष्ट खरोखरच एक. मोठ्या घरची मुलगी, गरिबाघरचा मुलगा, पळून जाणे, नवा संसार आणि शेवटी माहेरच्यांनीच उगवलेला सूड. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि शशांक खेतान यांचा 'धडक' २०१८ साली. संगीत दोन्हीकडे अजय-अतुल यांचेच. 'झिंगाट'ची चालसुद्धा तीच. मग बिघडले कुठे?

'सैराट'मधला एक प्रसंग सांगतो. कॉलेजात नव्याने आलेले लोखंडे सर मराठीचा तास घेत असतात. गावच्या पुढाऱ्याचा मुलगा वर्गातच मोबाइलवर बोलतो, सर त्याला हटकतात आणि तो भर वर्गात सरांच्या थोबाडीत देतो. मीही मराठीच शिकवतो. ती थोबाडीत माझ्याच गालावर बसली असे मला वाटले. हा मुलगा कोणाच्या जोरावर हात उचलतो आणि सारा वर्ग गप्प का बसतो, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. करमाळ्याकडचा तो ऊस, त्या विहिरी आणि ट्रॅक्टर चालवणारी पाटलांची आर्ची यांनी ते आधीच सांगून ठेवले होते. तिच्यात आणि मासेमाराच्या घरातल्या परश्यात काय आडवे येणार, हे बोलण्यातून आणि उठण्याबसण्यातून कळते.

'धडक'मध्ये ही जोडी उदयपूरला गेली. तळी, हवेल्या, रंगीबेरंगी कपडे, सारेच देखणे! पण जात धूसर झाली आणि श्रीमंत-गरीब एवढाच भेद डोळ्यांत भरू लागला. शेवटही बदलला. मराठीत दोघेही मारले जातात आणि त्यांचे चिमुकले मूल रक्ताची पावले उमटवीत बाहेर जाते. हिंदीत नवरा आणि मूल जातात, नायिका मागे राहते. रोप मुळासकट उपटून आणावे आणि मुळांना चिकटलेली माती तेवढी झटकून टाकावी, तसे हे झाले.

म्हणून दुसऱ्याची गोष्ट घेऊच नये असे मात्र मी म्हणणार नाही. मराठी माणसाने तर ते म्हणूच नये. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आली. पण मंजुळा लंडनहून आली आहे असे कोणाला कधी वाटले आहे काय? उच्चारावरून माणसाची पायरी ठरवण्याची खोड आपल्याकडेही आहे, हे पुलंनी नेमके हेरले. शाझिया इक्बाल यांचा 'धडक २' २०२५ साली आला, तो मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ चित्रपटावरून. तिरुनेलवेलीतली कायदा शिकणाऱ्या मुलाची ही कहाणी हिंदी मुलखात आली. पण त्याचा अपमान कशापायी होतो, हे तिने झाकून ठेवले नाही. मूळ चित्रपटाची धार तिला सर्वत्र साधलेली नाही. तरी माती बदलली, झटकली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

माहितीपटाला तर माती झटकण्याची सोयच नसते. लहानपणी हा प्रकार मला मुळीच आवडत नसे. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट लागला की आम्ही बटाटेवडे आणायला बाहेर पळत असू. माझे मत बदलले ते शौनक सेन यांच्या २०२२ च्या 'ऑल दॅट ब्रीद्स'ने. दिल्लीतले दोन भाऊ मांजाने जखमी झालेल्या घारी घरी आणून बऱ्या करतात. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या एका दवाखान्याने तिला घेतले नाही, तेव्हापासून त्यांनी हे व्रत धरले. तळघरात एकीकडे पोटापाण्याचा धंदा, दुसरीकडे खोक्यांत बसलेल्या घारी. एकदा तर एक घार त्यांच्या मदतनिसाचा चष्माच उचलून नेते! बाहेर शहर धुमसत असते, आत मलमपट्टी चालू असते. उपदेश कोणी करीत नाही. कानच्या महोत्सवात या माहितीपटाचा गौरव झाला, ऑस्करसाठी नामांकनही मिळाले.

आमच्या घरात त्याला मिळालेले पारितोषिक वेगळे आहे. त्या संक्रांतीला आमच्या चिरंजीवांनी मांजा आणलाच नाही. साध्या दोऱ्याने पतंग उडवला आणि दहा मिनिटांत काटून घेतला. पण कुरकुर केली नाही.

सौ.ना मी एवढेच म्हणालो, "गोष्ट तीच असली तरी चालेल. पण ती कोणत्या गावची, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे."

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग 'धडक' राहू दे. तो घारींचाच पुन्हा लावा. त्या दिवशी मी अर्ध्यातून पोळ्या करायला उठले होते."