अलेक्झांड्रियाचा शेजारी : आपलं चौल

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर एक फोटो आला. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. शाळेत पाढ्यांना कंटाळायचा, पण समुद्राचं नाव काढलं की कान टवकारायचा. आता तो मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. फोटोत निळाशार भूमध्य समुद्र आणि काठावर दगडी किल्ला. खाली लिहिलं होतं, 'गुरुजी, हे इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया बंदर. सिकंदरानं वसवलेलं! असं जुनं बंदर आपल्याकडे कुठलं?'

मी उत्तर धाडलं, 'आहे की! एसटीनं तू त्याच्या तटातूनच जायचास.'

अलेक्झांड्रिया वसलं इ.स.पूर्व 331 मध्ये. तिथलं प्राचीन दीपगृह जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होतं. भूकंपांनी ते कोसळलं. पुढे पंधराव्या शतकात कायतबाय नावाच्या सुलतानानं त्याच जागी किल्ला बांधला. फोटोतला किल्ला तोच. आणि आपलं बंदर? ते म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेलं चौल-रेवदंडा!

जानेवारीत आमची चौथीची पोरं घेऊन मी तिथे गेलो. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच डोकावणारा जुना तट. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, इथे तर नुसत्या वाड्याच आहेत. बंदर कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. मग सगळे सावलीत बसलो आणि गोष्ट सुरू झाली.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात कल्याणच्या पुढे 'सेमुल्ला' हे नाव येतं. तेच आपलं चौल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांतही 'चेमुल' गावच्या दानशूर लोकांचा उल्लेख आहे. भूमध्य समुद्राकडचा माल अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून वर यायचा, मग उंटांवर लादून तांबड्या समुद्राच्या बंदरांत जायचा आणि तिथून गलबतांनी आपल्या किनाऱ्याकडे निघायचा. दारूचे रांजण, काच, पोवळी इकडे येत. इथून सुती कापड आणि मौल्यवान खडे जात.

"पण इंजिन नव्हतं ना तेव्हा?" एकानं विचारलं. नव्हतं. होता तो वारा! आषाढाच्या सुमारास तिकडून निघायचं, नैर्ऋत्येचा वारा शिडात भरून घ्यायचा आणि इकडचा पावसाचा जोर ओसरता ओसरता किनारा गाठायचा. परतीला थंडीतला ईशान्येचा वारा. कोळ्यांच्या पोरांनी लगेच माना डोलावल्या. नारळी पौर्णिमेआधी होडी का लोटत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

पुढे अरब प्रवासी आले. इ.स. 1470 च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझहून आपला घोडा जहाजात घालून चौलला उतरला. त्याचा गोरा रंग बघायला म्हणे लोक मागे लागत! जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला. तो परत मिळवताना बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे.

आणि गंमत पाहा. ज्या मामलुक सुलतानांपैकी एकानं अलेक्झांड्रियाचा किल्ला बांधला, त्यांच्याच आरमारानं 1508 साली चौलसमोर पोर्तुगीजांशी लढाई केली. तीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही पोर्तुगीज इथे रुजले, त्यांनी रेवदंड्याचा किल्ला बांधला. 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. पुढे खाडीत गाळ साचला, व्यापार मुंबईच्या खोल बंदराकडे वळला आणि चौल निजलं. पलीकडच्या कोर्लई गावात मात्र पोर्तुगीज वळणाची बोली अजून घराघरांत बोलली जाते.

गोष्ट संपली. पोरं सातखणी मनोऱ्याकडे धावली. तेवढ्यात एक पठ्ठ्या टोकदार दगडानं भिंतीवर नाव कोरू लागला. मी ओरडलो. तो दचकला, पण मग सरळ विचारलंन, "गुरुजी, तुम्ही कधी नाही कोरलं?"

मुलांसमोर खोटं कसं बोलणार? मी पाचवीत असताना इथल्याच एका भिंतीच्या चुन्यावर माझं नाव खरवडलं होतं. घरी येऊन ऐटीत सांगितलंही होतं. ते मी सगळ्यांपुढे कबूल केलं. पोरं गप्प झाली.

मग म्हणालो, "दोन हजार वर्षांत इथे किती खलाशी, सोनार, व्यापारी आले-गेले. ते सगळं आपल्याला कळलं कशावरून? लेख, भिंती आणि मातीतल्या खापऱ्यांवरून. माझ्या नावाखाली कुणा गवंड्याची खूण असेल तर ती मीच पुसली ना?"

त्या मुलानं दगड खाली टाकला. दुसऱ्यानं खिशातून एक खापराचा तुकडा काढला आणि जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला. मी काहीच बोललो नाही.

पालकहो, हा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण खात्याचा माणूस प्रत्येक भिंतीपाशी उभा राहू शकत नाही. राखण आपल्यालाच करायची आहे. पुढच्या रविवारी नागाव-काशीदच्या वाळूत खेळून झालं की तासभर इथे थांबा. रामेश्वराची पुष्करणी बघा, तटावरून खाडी बघा.

माझा खलाशी मे महिन्यात सुट्टीवर येतोय. त्यानं कळवलंय, 'गुरुजी, या वेळी आपलं बंदर दाखवा.' मी त्याला माझं कोरलेलं नावही दाखवणार आहे. लाज वाटेल, पण दाखवणार.