मोटारघराचे पाय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटारघर ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. आयोवा राज्यातील फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीने १९६६ पासून अशी चाकांवरची घरे बांधण्यास प्रारंभ केला आणि सुटीत कुटुंबासह घर घेऊनच प्रवासाला निघण्याची रीत तेथे रूढ झाली. अशा घरात शय्या असते, चूल असते, स्नानगृह असते. नसते ती मात्र सपाट जमीन. मुक्कामाची जागा थोडी जरी उतरती असली, तरी दारे आपोआप उघडतात आणि निजलेला माणूस पायथ्याकडे घसरतो.

याहून नाजूक प्रश्न शीतकपाटाचा. अनेक मोटारघरांतील शीतकपाट विजेच्या पंपावर नव्हे, तर वायूच्या ज्योतीवर चालते. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही युक्ती शोधली. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे अभिसरण चालते. हलणारा भाग एकही नसतो. द्रव केवळ स्वतःच्या वजनाने खाली वाहतो. कपाट कलले, की नळीत द्रव तुंबतो, तापणारा भाग कोरडा पडून अतिशय तापतो आणि नळ्या गंजू नयेत म्हणून द्रवात मिसळलेला क्षार तेथेच साचून मार्ग कायमचा बंद करू शकतो.

म्हणून मोटारघराला पाय दिले जातात. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांशी बसविलेले हे जॅक बहुधा तेलाच्या दाबाने चालतात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम. याच नियमावर जोसेफ ब्रामा याने १७९५ साली इंग्लंडमध्ये आपल्या दाबयंत्राचे एकस्व मिळविले होते. जॅकची शक्ती हा येथे फारसा अवघड प्रश्न नव्हे. अवघड आहे ते त्याला सांगाड्याशी घट्ट बांधणे.

असे का, हे एका साध्या हिशेबाने कळेल. मोठ्या मोटारघराचे वजन दहा टनांच्या घरात जाते. चार जॅकांवर ते सारखे वाटले, तर प्रत्येकावर अडीच टन भार येतो. (प्रत्यक्षात तो सारखा वाटला जात नाही; जमीन उंचसखल असेल तर समोरासमोरच्या दोन कोनांतील जॅकांवरच बहुतेक बोजा पडतो.) जॅकच्या दांड्याचा मध्य सांगाड्याच्या तुळईपासून १५ सेंटिमीटर बाहेर आहे असे धरू. जमीन त्या दांड्याला अडीच टनांनी वर ढकलते. त्यामुळे जॅकला धरणारा कंस नुसता वर ढकलला जात नाही, तो वळू पाहतो. त्याची वरची कड तुळईवर दाबली जाते आणि खालची कड तुळईपासून सुटू पाहते. बोल्टांच्या दोन ओळींत उभे अंतर १० सेंटिमीटर असेल, तर खालच्या ओळीवर पावणेचार टनांची ओढ बसते, म्हणजे मूळ भाराच्या दीडपट! तेच अंतर १५ सेंटिमीटर केले, की ओढ अडीच टनांवर येते. पाच सेंटिमीटरांचा हा फरक जाड बोल्टांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

ही पीळ अखेर तुळईत उतरते, आणि तुळई तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एका बाजूने उघडी असते. उघड्या आकाराची तुळई वाकण्यास चांगला विरोध करते, पण पिळण्यास फार थोडा. म्हणून कंस शक्यतो तेथेच बसवावा, जेथे दोन तुळयांना जोडणारी आडवी तुळई आहे. नाहीतर डाव्या व उजव्या कंसांना नळीने परस्परांशी जोडावे.

भोके कोठे पाडावीत, यालाही शास्त्र आहे. दोन आसांच्या मध्ये तुळई भाराने लवते, तेव्हा वरची आडवी पट्टी दाबली जाते व खालची ताणली जाते. उभ्या पट्टीच्या मध्याजवळ दोन्ही जवळजवळ शून्य असतात. भोक उभ्या पट्टीतच, कडांपासून दूर घ्यावे. आडव्या पट्टीत घेतलेले भोक म्हणजे भेगेला दिलेले आमंत्रण होय. वेल्डिंगचा मोहही येथे आवरावा. ज्या तुळईचे पोलाद उष्णसंस्काराने बळकट केलेले असते, ते झळ लागलेल्या जागी पुन्हा नरम पडते.

बोल्टाचे खरे काम खुंटीसारखे अडविण्याचे नाही, चिमट्यासारखे दाबून धरण्याचे आहे. अमेरिकी प्रतीनुसार आठव्या दर्जाचा, डोक्यावर सहा रेषा असलेला अर्ध्या इंच व्यासाचा बोल्ट योग्य आवळला, तर दोन पृष्ठे सुमारे ५,८०० किलोग्रॅम भाराने एकमेकांवर दाबतो. ती पृष्ठे घर्षणामुळे सरकत नाहीत. मधे रंगाचा जाड थर राहिला, तर तो कालांतराने चुरतो आणि दाब नाहीसा होतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्यास लागतो, बाकीचा घर्षणात खर्च होतो. म्हणून नुसत्या हाताच्या अंदाजावर न विसंबता मोजणारा पाना वापरतात.

एक धोका मात्र उत्तम जोडालाही चुकत नाही. अनेक मोटारघरांत उभ्या गाडीचा ब्रेक मागच्या चाकांनाच आवरतो. उतारावर मागची चाके आधी उचलली गेली, की गाडीला धरणारे काही उरत नाही. मग ती पुढे सरते आणि आडव्या धक्क्याने लांब सुटलेले पाय मुळाशीच मोडू शकतात. यास्तव चाकांना आधी पाचरी लावतात, आणि केवळ जॅकांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरत नाही.

काम संपल्यावर कुशल कारागीर प्रत्येक नट व कंस यांवरून रंगाची एकच सरळ रेघ ओढतो. काही शेकडो किलोमीटर गाडी धावल्यावर तो खाली वाकून पाहतो. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला आहे.